डीसी मोटर अजून कशाला शिकवतात? इलेक्ट्रिकलच्या सिलॅबसचा इतिहास

ज्यांचा आजचा डेटा संपलाय, ज्यांचे इअरफोन एका कानानंच चालतात, किंवा जे आत्ता लेक्चरमध्ये मागच्या बाकावर बसून मोबाईल बघतायत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलणं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि खोकले काढून टाकलेत.

मागच्या एपिसोडनंतर वाशिमच्याच एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पोरगा सेकंड इयर इलेक्ट्रिकलला आहे. म्हणतो, "भाऊ, घरात एसी, वावरात थ्री फेज एसी. मग आम्हाले अख्खं सेमिस्टर डीसी मशीन काहून शिकवतात? कोण वापरते ते?"

मला हा प्रश्न फार आवडला. कारण तो विचारला जातो तक्रार म्हणून, पण त्याचं उत्तर इतिहासात आहे. मी मंगरूळपीर तालुक्यातला, इलेक्ट्रिकलचा बीटेक, आणि पगार मात्र सॉफ्टवेअरचा घेतो. माझ्या बॅचचे निम्म्याहून जास्त लोक तेच करतात. त्यामुळे "हे सगळं आपल्याला का शिकवलं?" हा प्रश्न आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी निघतोच. आज त्याच्या मुळाशी जाऊ.

आपल्याकडे विहीर खोदताना कसं असतं? वरती काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण. प्रत्येक थर वेगळ्या काळातला. इलेक्ट्रिकलचा सिलॅबस अगदी तसाच आहे. तो कुणी एका दिवशी बसून, विचार करून लिहिलेला नाही. वेगवेगळ्या काळात कुणाला तरी एका विशिष्ट कामासाठी माणसं हवी होती, म्हणून एकेक पेपर आला. काम संपलं, गरज संपली, पेपर मात्र राहिला. आज आपण हे थर एकेक करून उतरू.

सगळ्यात खालचा थर: सरकारला ओव्हरसीअर हवेत

भारतात इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं ते शोध लावायला नव्हे. रस्ते, कालवे आणि पूल बांधायला माणसं हवी होती म्हणून. १८४७ साली रुरकीला कॉलेज निघालं. तिथं वर्ग वेगवेगळे होते: वरचा वर्ग इंजिनिअर होणाऱ्यांचा, खालचे वर्ग त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांचे. १८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आजचं सीओईपी ते हेच. त्याचा उद्देश सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणं हा होता. 'दुय्यम' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे याच कॉलेजातून १८८३ साली विश्वेश्वरय्या बाहेर पडले, म्हणजे दुय्यम म्हणून उघडलेल्या दारातून पहिल्या दर्जाचा माणूस आला. पण चौकट ठरलेली होती.

ही चौकट आजही आहे. आयटीआयवाला वायरमन, डिप्लोमावाला ज्युनिअर इंजिनिअर, डिग्रीवाला साहेब. आपल्याला वाटतं ही विभागणी बुद्धीची आहे. तिची मुळं दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी नोकरीच्या उतरंडीत आहेत. गावातला वायरमन खांबावर चढून जे करतो ते डिग्रीच्या चार वर्षांत कुणी एकदाही करून पाहत नाही, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही, ते याच उतरंडीमुळे.

याही आधीची एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. १८२०च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस नावाच्या अधिकाऱ्यानं इंजिनिअर तयार करणारी एक संस्था चालवली. तिथं शिकवायची भाषा होती मराठी आणि गुजराती. गणिताची पुस्तकं त्यासाठी मराठीत आणली गेली. पुढे १८४०च्या दशकात शिक्षण कुठल्या भाषेत द्यायचं यावर मुंबईच्या शिक्षण मंडळात जोरदार वाद झाला. जर्विस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूनं, सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या. वरच्या शिक्षणात जिंकली इंग्रजी. त्यानंतर २०२१ साली एआयसीटीईनं प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचा बीटेक मराठीतून सुरू झाला. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या पोराला फर्स्ट इयरच्या पहिल्या व्हायवात उत्तर येत असतं, पण वाक्य येत नसतं. त्या शांततेचं वय पावणेदोनशे वर्षं आहे.

वीज हा 'विषय' कधी झाला?

तोवर वीज हा भौतिकशास्त्रातला एक धडा होता. विजेचं काम करणारे लोक म्हणजे तारवाले. तारायंत्राची लाईन दुरुस्त करता करता शिकलेले. ऑलिव्हर हेविसाइड, ज्याच्या पद्धती आपण सर्किट सोडवताना आजही वापरतो, तो तारखात्यात ऑपरेटर होता. त्याच्याकडे कुठलीच डिग्री नव्हती.

१८८२ साल मोठं आहे. सप्टेंबरमध्ये एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. ते डीसी होतं. त्याच वर्षी जर्मनीत डार्मस्टाटच्या कॉलेजनं एरास्मुस किटलर यांना इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं प्राध्यापकपद दिलं आणि अमेरिकेत एमआयटीनं फिजिक्स विभागात इलेक्ट्रिकलचा अभ्यासक्रम चालू केला. म्हणजे धंदा आणि डिग्री एकाच वर्षी जन्माला आले. धंद्याला माणसं हवी होती, कॉलेजनं ती द्यायचं ठरवलं.

आपल्याकडे मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, निघालं. तेव्हा मुंबईला गिरण्यांसाठी माणसं हवी होती, म्हणून तिथला सुरुवातीचा भर यंत्रांवर आणि कापडावर. विजेचं वरचं शिक्षण बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये १९११च्या सुमाराला सुरू झालं, बनारस हिंदू विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज १९१९ साली, आणि पुण्यात इलेक्ट्रिकलची पदवी १९३०च्या दशकात. म्हणजे पुण्याचं कॉलेज सुरू झाल्यावर विजेची डिग्री यायला जवळपास ऐंशी वर्षं लागली. का? कारण तोवर सरकारला इमारती आणि कालव्यांची माणसं जास्त लागत होती.

डीसीचा थर: ट्राम आणि लोकल

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेवरची ट्राम धावली. त्याआधी ट्रामला घोडे जुंपलेले असायचे. ट्रामची मोटर डीसी. मग ३ फेब्रुवारी १९२५, बोरीबंदर ते कुर्ला, भारतातली पहिली विजेवरची रेल्वे. व्होल्टेज १५०० व्होल्ट, डीसी.

डीसीच का? कारण डीसी सिरीज मोटरचा एक गुण आहे. गाडी उभी असताना, म्हणजे सगळ्यात जास्त जोर लागतो तेव्हाच, ती सगळ्यात जास्त जोर देते. लोकल दर दोन-तीन मिनिटांनी थांबते आणि परत उठते. तिला असाच बैल हवा होता. आणि वेग कमी-जास्त करायची सोपी युक्ती होती: दोन मोटर आधी सिरीजमध्ये जोडायच्या, वेग आला की पॅरलल करायच्या. त्या काळच्या एसी मोटरला वेग असा सहज बदलता येत नव्हता.

आता सिलॅबस उघडा. 'डीसी सिरीज मोटरची कॅरेक्टरिस्टिक्स', 'सिरीज-पॅरलल कंट्रोल', आणि 'युटिलायझेशन' नावाच्या पेपरात ट्रॅक्शनचा धडा. त्यात स्पीड-टाइम कर्व्ह काढायला लावतात: लांबच्या गाडीचा समलंब चौकोनासारखा, लोकलचा साधा चौकोनी. वाशिमच्या पोरानं लोकल बघितलेली नसते. तो परीक्षेत दादर ते कुर्ल्यासारख्या दोन स्टेशनांमधलं गणित सोडवत असतो.

ही १५०० व्होल्ट डीसी मुंबईत किती टिकली? पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत, मध्य रेल्वेच्या हार्बर लाईनवर एप्रिल २०१६ पर्यंत. म्हणजे ९१ वर्षं. मी तेव्हा फर्स्ट इयरला होतो. शेवटची डीसी लोकल गेली आणि काही महिन्यांत आमचा डीसी मशीनचा पेपर सुरू झाला.

थ्री फेजचा थर: फ्रँकफर्ट, नायगारा, खोपोली

डीसीची अडचण अशी की ती तेव्हा लांब नेता येत नव्हती. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत, १७५ किलोमीटर, थ्री फेज वीज नेऊन दाखवली. डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की हा त्यामागचा मुख्य माणूस. १८९३ साली स्टाइनमेट्झनं एसीची गणितं 'जे' वापरून, म्हणजे कॉम्प्लेक्स नंबरनं, सोडवायची पद्धत मांडली. बारावीत जो धडा ऑप्शनला टाकतो तो थर्ड सेमला मानगुटीवर बसतो, ते या बाबांमुळे.

लॅबमध्ये 'स्कॉट कनेक्शन' केलंय का? दोन ट्रान्सफॉर्मर विचित्र पद्धतीनं जोडून थ्री फेजचं टू फेज करायचं. टू फेज सप्लाय आज कुठे दिसतो? जवळपास कुठेच नाही. मग हे आलं कुठून? १८९५ साली नायगारा धबधब्यावर जे वीजकेंद्र सुरू झालं त्याची जनरेटर टू फेज होती. बफेलो शहरापर्यंत वीज न्यायला थ्री फेज स्वस्त पडत होतं. तेव्हा वेस्टिंगहाउसच्या चार्ल्स स्कॉटनं हा जोड शोधला. म्हणजे तुमच्या जर्नलमधला प्रयोग हा नायगारावरच्या एका अडचणीचा तोडगा आहे. जर्नलमध्ये 'एम ऑफ द एक्सपेरिमेंट' असतं, पण ही गोष्ट नसते.

महाराष्ट्रात थ्री फेज मोठ्या प्रमाणावर आली ती टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून, १९१५ साली. लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधले, घाटावरचं पाणी पाइपांनी खाली कोकणात सोडलं, आणि वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना दिली. मग १९२२ साली भिवपुरी, १९२७ साली भिरा. 'हायड्रो पॉवर प्लांट'च्या धड्यात जी आकृती काढतो, वर तलाव, मध्ये पेनस्टॉक, खाली पेल्टन व्हील, ती आकृती म्हणजे आपला खोपोलीचा घाट आहे.

पण या आकृतीत एक गोष्ट काढलेली नसते. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा मावळातली गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. नेते होते पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट. आणि हे बापट स्वतः स्कॉलरशिपवर एडिनबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले! यंत्र म्हणजे काय हे कळत नव्हतं म्हणून विरोध, असा तो प्रकार नव्हता. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालं. मुंबईला वीज मिळाली. 'साइट सिलेक्शन ऑफ हायड्रो प्लांट' या पाच मार्कांच्या प्रश्नात आपण लिहितो: पाण्याची उपलब्धता, उंची, खडक, रस्ता. तिथं राहणारी माणसं हा मुद्दा मी कुठल्याच उत्तरपत्रिकेत लिहिलेला नाही, कारण मॉडेल आन्सरमध्ये तो नव्हता.

बोर्डाचा थर: 'पोरगा एमएसईबीत लागला'

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६२ पासून कोयनेची वीज यायला लागली. आपलं वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, म्हणजे आपण या महाराष्ट्राच्या जाळ्यात उशिरा आलो. पण पुढे वीज बनवायचं काम विदर्भाकडे आलं, कारण कोळसा इथं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, आणि आपल्या शेजारी अकोला जिल्ह्यातलं पारस.

बोर्डाला हजारो इंजिनिअर लागणार होते. म्हणून पॉवर सिस्टीम, स्विचगिअर अँड प्रोटेक्शन, ट्रान्समिशन लाईन हे पेपर जड झाले. फॉल्ट करंट, रिले, सर्किट ब्रेकर. १९५९ साली आलेलं थेराजांचं जाडजूड पुस्तक याच काळात घराघरात गेलं. त्या पिढीला सिलॅबस 'उपयोगाचा नाही' असं कधी वाटलं नसेल. त्यांच्यासाठी पेपर आणि नोकरी यांच्यात एकच दार होतं. लग्नाच्या बाजारात 'मुलगा बोर्डात आहे' एवढं पुरायचं. ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती झाल्या, तरी आमच्या गावात आजही सगळं 'एमएसईबी'च आहे.

१९८३: वर्गात कोण बसलं?

आतापर्यंत आपण काय शिकवलं ते पाहिलं. आता कुणाला शिकवलं ते बघू. १९८३ पर्यंत वऱ्हाडातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर अमरावतीचं सरकारी कॉलेज, नागपूरचं रिजनल कॉलेज, नाहीतर पुणे-मुंबई. जागा मोजक्या. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगावला संत गजानन महाराजांच्या नावानं कॉलेज सुरू झालं, पुसदला बाबासाहेब नाईक कॉलेज सुरू झालं, आणि त्याच वर्षी अमरावती विद्यापीठही. वाशिम तेव्हा जिल्हाही नव्हता, तो १ जुलै १९९८ रोजी झाला. पण वाशिम-मंगरूळपीरहून शेगाव किंवा पुसद एसटीनं गाठता येत होतं. हा फार मोठा बदल होता.

या निर्णयावर टीकाही झाली आणि ती खोटी नाही. फी वाढली, कॉलेजं भरमसाठ निघाली, पुढे जागा रिकाम्या राहायला लागल्या. पण आमच्या पंचक्रोशीतले पहिले इंजिनिअर याच दारातून आले हेही खरंच. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. कॉलेज गावाजवळ आलं, सिलॅबस गावाजवळ आला नाही. मुंबईच्या लोकलसाठी आणि बोर्डाच्या सबस्टेशनसाठी लिहिलेले पेपर तसेच्या तसे शेगाव-पुसदला शिकवले गेले.

वरचा थर, आणि खालचा थर परत वर

मग ८०८५ मायक्रोप्रोसेसर आला, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आलं, सी प्रोग्रॅमिंग आलं, आणि आमच्यासारखे लोक इलेक्ट्रिकलच्या दारातून आत जाऊन आयटीच्या दारातून बाहेर पडले.

इथं गंमत झाली. थायरिस्टर आणि त्याच्या पुढच्या स्विचेसमुळे डीसी लांब नेता यायला लागली. १९९९ साली चंद्रपूर ते पडघे अशी हाय व्होल्टेज डीसी लाईन सुरू झाली: ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॉट. विदर्भातली वीज मुंबईच्या दाराशी, डीसीच्या रूपात! सोलर पॅनेल डीसी देतं. बॅटरी डीसी. ई-स्कूटरची आणि नव्या पंख्याची बीएलडीसी मोटर. वावरातला सौर पंप. म्हणजे श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: डीसी गेली नव्हती, वळसा घालून आली. ब्रश आणि कम्युटेटरची जुनी मशीन खरंच कमी झाली, तिला अख्खं सेमिस्टर देण्यात आज अर्थ नाही. पण 'मोटर फिरली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते' ही बॅक ईएमएफची कल्पना ई-स्कूटरचा कंट्रोलर लिहिणाऱ्यालाही लागते. थर जुना असला तरी त्यातलं पाणी आटलेलं नाही.

जो थर कधी पडलाच नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. रस्त्यांसाठी माणसं हवी होती, पेपर आला. लोकलसाठी हवी होती, पेपर आला. बोर्डासाठी, आयटीसाठी आला. वाशिमच्या वावरासाठी आला का?

एक गणित करू. आपल्याकडे विहिरीवर साधारण पाच एचपीची मोटर, म्हणजे ३.७३ किलोवॉट. मोटरची एफिशियन्सी ८५ टक्के धरू, म्हणजे ती लाईनमधून साधारण ४.४ किलोवॉट ओढते. कपॅसिटर नसेल आणि पॉवर फॅक्टर ०.७ असेल, तर ट्रान्सफॉर्मरवर भार पडतो ६.२७ केव्हीए. डीपी ६३ केव्हीएची असेल तर किती मोटरी? दहा. आता प्रत्येकानं कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९५ केला तर भार ४.६२ केव्हीए. मोटरी? तेरा. तीच डीपी, तेच पाणी, तीन शेतकरी जास्त. पॉवर फॅक्टरचं गणित आपण शंभर वेळा सोडवलं, पण त्यात कायम 'एक फॅक्टरी' असते. विहीर कधीच नसते.

पुढचं ऐका. शेतीची थ्री फेज पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, साधारण आठ तास. हरभऱ्याला पाणी द्यायचंय, लाईन रात्री बारानंतर येणार, वावरात साप आणि रानडुकरं. मग शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतो. लाईन आली की मोटर आपोआप चालू. सगळेच लावतात. म्हणजे लाईन येते त्याच क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, आणि उठताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी किती दिवस टिकणार?

महावितरण म्हणतं ऑटो काढा, कपॅसिटर लावा. शेतकरी म्हणतो दिवसा लाईन द्या. दोघंही बरोबर आहेत. आणि इथंच मला आपल्या पुस्तकातला एक शब्द आठवतो: 'डायव्हर्सिटी फॅक्टर'. सगळे ग्राहक एकाच वेळी पूर्ण भार टाकत नाहीत, म्हणून कमी क्षमतेत काम भागतं, अशी ती कल्पना. ती रुजली शहरांत, शिकागोच्या सॅम्युएल इन्सलसारख्या वीज विकणाऱ्यांच्या धंद्यात. तिथं ट्राम सकाळी, कारखाना दुपारी, घरातले दिवे संध्याकाळी. पण ज्या फीडरला वीजच आठ तास मिळते, तिथं सगळे त्याच आठ तासांत पाणी ओढणार. डायव्हर्सिटी जवळपास उरतच नाही. पुस्तकातलं सूत्र चुकीचं नाही, त्याच्या पोटातलं गृहीतक शहराचं आहे. हे कुठल्याच पेपरात मला कुणी सांगितलं नाही. ते मला समजलं बाबांच्या तिसऱ्यांदा जळालेल्या मोटरीवरून आणि रिवायंडिंगवाल्याच्या बोलण्यावरून. त्यानं कॉइल हातात धरून सांगितलं, "एक फेज गेली होती, दोनवरच चालली." एक फेज गेल्यावर उरलेल्या दोनमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो, हे मी लिहून मार्क मिळवलेले. त्यानं ते तांब्याच्या रंगावरून वाचलं.

आता काही ठिकाणी शेतीचे फीडर सौर ऊर्जेवर आणायचं काम चालू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, नंतर 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. दिवसा पाणी देता आलं तर वरची अर्धी भानगड मिटते. पण हे पॅनेल, कंट्रोलर आणि पंप बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? ते काम करणारी माणसं हवी आहेत. आणि आपण पाहिलं की माणसं हवी असली की पेपर येतो. फक्त मागणारा जोरदार हवा. आधी सरकार होतं, मग गिरणीमालक, रेल्वे, बोर्ड, आयटी कंपन्या. शेतकऱ्यानं युनिव्हर्सिटीच्या बोर्ड ऑफ स्टडीजला पत्र लिहिल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याच्या वतीनं ते मागू शकणारी माणसं म्हणजे आपणच, जे तिथून आलो आणि हा पेपर शिकलो.

म्हणून सेकंड इयरच्या त्या मित्राला माझं उत्तर असं. डीसी मशीन शिक, पण प्रत्येक धड्याला तीन प्रश्न विचार: हे कुणाला हवं होतं? केव्हा हवं होतं? तो अजून आहे का? उत्तर 'नाही' आलं तर पास होण्यापुरतं वाच आणि पुढे जा. उत्तर 'आहे' आलं तर नीट वाच. आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टला इंटरनेटवरून होम ऑटोमेशनचं तयार किट मागवू नकोस. तुमच्या वावराजवळच्या डीपीवर जा. हात लावायचा नाही, बरं का, लांबूनच. प्लेटवर किती केव्हीए लिहिलंय ते बघ. त्यावर किती मोटरी आहेत, किती ऑटोवर आहेत, किती कपॅसिटर चालू आहेत ते शेतकऱ्यांना विचार. लाईनमनला चहा पाज आणि वर्षात ती डीपी किती वेळा जळाली ते विचार. मग तुझ्या पुस्तकातली सूत्रं त्याला लावून बघ. गाइड म्हणेल यात 'नॉव्हेल्टी' काय? त्याला सांग, सर, हा पेपर अजून कुणी लिहिलेला नाही.

कुणी खरंच हे केलं तर आकडे मला पाठवा, आपण त्यावर अख्खा एपिसोड करू. पुढच्या वेळी कारंज्यावरून पूर्वी जाणाऱ्या आपल्या शकुंतला रेल्वेची गोष्ट. तोवर लाईन आहे तेवढ्यात मोबाईल चार्ज करून घ्या. भेटू!